बावन्न दरवाजांच्या आतली घरं

छत्रपती संभाजीनगरात दरवाजाच्या वाट्याला फोटो येतात आणि घराच्या वाट्याला नोटीस. रविवारी सकाळी भडकल दरवाजाखाली जमलेल्या मंडळींना हे ऐकवूनच एक बाई वारसा फेरीला सुरुवात करतात. पेशानं त्या वास्तुविशारद. आठवडाभर बीड बायपासकडच्या फ्लॅटचे नकाशे काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या शहरात टेप घेऊन फिरायचं, हा त्यांचा बऱ्याच वर्षांचा शिरस्ता. गुलमंडी-औरंगपुऱ्यात त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. ‘त्या माप घेणाऱ्या बाई’ म्हटलं की पुरतं.

वारशासाठी धडपडणाऱ्यांची या शहरात वानवा नाही. 1984 साली स्थापन झालेल्या ‘इंटॅक’चं इथं केंद्र आहे, औरंगाबाद हिस्ट्री सोसायटी आहे, ‘अमेझिंग औरंगाबाद’सारखे तरुणांचे गट आहेत. डॉ. ब्रह्मानंद देशपांडे आणि डॉ. रा. श्री. मोरवंचीकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच शहरात बसून यादवांवर, पैठणवर, पाण्याच्या इतिहासावर आयुष्यभर लिहिलं. एप्रिलमध्ये जागतिक वारसा दिन आला आणि नोव्हेंबरमध्ये वारसा सप्ताह आला की व्याख्यानं, चित्रस्पर्धा, शाळांच्या सहली यांची गर्दी होते. बाई या सगळ्यांच्या कडेकडेनं असतात. व्यासपीठावर क्वचितच. त्यांची जागा बहुधा मागच्या रांगेत, शेजारी कुणीतरी घराचे कागद उलगडून बसलेलं.

फेरीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: बावन्नपैकी दरवाजे उरले किती? बाई आकड्यात शिरत नाहीत. दरवाजे उरले कसे, ते सांगतात. भडकल दरवाजा 1612 चा. मोगलांना हरवल्याची खूण म्हणून हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरनं तो बांधला. औरंगजेबानं शहराभोवती तटबंदी घातली ती 1682 च्या सुमारास, आणि दिल्ली, मक्का, पैठण अशी दिशांची नावं मिरवणारे मोठे दरवाजे त्या तटातले. तट जवळपास गेला, दरवाजे मागे राहिले. कारण दरवाजाला वारस नसतो. तो कुणाच्या नावावर नाही, त्याच्या वाटण्या होत नाहीत, तो पाडून फ्लॅट बांधता येत नाहीत. सरकारचा म्हणजे सगळ्यांचा आणि म्हणून कुणाचाच नाही, अशा स्थितीत तो उभा राहतो. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाजानं किती ट्रकांचे धक्के खाल्ले असतील, त्याची गणती नाही. तरी उभा आहे. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेतून काही दरवाजांची डागडुजीही झाली. कटकट दरवाजा, बारापुल्ला दरवाजा आता रात्री दिव्यांत उजळतात.

घराचं नेमकं उलटं. दरवाजाला एकही वारस नाही, घराला मात्र सतरा. त्यातला एक पुण्यात, एक अमेरिकेत, एक मागच्या खोलीत कुलूप लावून गेलेला आणि दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

टाऊन हॉलपासून जुना बाजार, सिटी चौक, गुलमंडी, मच्छली खडक आणि शेवटी पैठण दरवाजा, अशी ही फेरी. अंतर काही फार नाही, पण बाई ते निवांत चालतात. जुना बाजाराच्या उंचवट्यावर थांबून नौखंडा महालाची गोष्ट होते. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि काही वर्षांत हा महाल बांधला. पुढे पहिल्या निजामाचा मुक्कामही इथंच होता. महालाची आता नुसती नावनिशाणी आहे. जवळच त्याच काळाशी जोडला जाणारा दमडी महाल होता, तो रस्तारुंदीकरणात गेला. किलेअर्क हा औरंगजेबाचा राजवाडा. त्याच्या आवारात आता सरकारी महाविद्यालय आहे. बादशहांच्या घरांची ही गत, मग सराफाच्या आणि वकिलाच्या घराचं काय घेऊन बसलात, असं फेरीतला एखादा चहा पिता पिता म्हणतोच. बाईंना हा युक्तिवाद मुळीच पटत नाही. बादशहाचं घर बादशाही गेली की ओस पडतं, ते स्वाभाविक आहे. सराफाचं घर मात्र सराफा बाजार चालू असतानाच पडतंय.

जुन्या शहराची घडण पुऱ्यांची. 1653 मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला आणि खडकीला त्याचं नाव मिळालं. त्याच्याबरोबर आलेल्या सरदारांनी आपापले पुरे वसवले. जयसिंगपुरा, पदमपुरा, करणपुरा ही नावं राजपुतांची. मग 1763 मध्ये निजाम अलीनं राजधानी हैदराबादला हलवली आणि हवेल्यांमधली माणसं सामानसुमान घेऊन निघून गेली. त्या रिकाम्या जागांत व्यापारी आले, वकील आले, निजामाच्या महसूल खात्यातले कारकून आले. आज जे वाडे दिसतात त्यांतले बरेचसे या दुसऱ्या पिढीचे: खाली दगडाचं जोतं, वर पातळ विटा आणि मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब, मध्ये चौक. पुण्याच्या वाड्यासारखं कौलारू छप्पर इथं कमी. पाऊस बेताचा, म्हणून वर माळवद: तुळया, तुळयांवर लाकडी पट्ट्या, त्यावर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दर वर्षी मृगाच्या आधी त्यावर नवी माती टाकून चोपायची. हे चोपणं थांबलं की घराचं मरण सुरू झालं, असं खुशाल समजावं.

आणि चौकात हौद. शहराला पाणी पुरवायला मलिक अंबरनं उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यापासून जमिनीखालून नहर आणली. ठिकठिकाणी उभारलेल्या बंब्यांच्या, म्हणजे पाण्याच्या मनोऱ्यांच्या, आधारानं तिनं चढउतार पार केले आणि नहरीच्या फांद्या थेट मोठ्या घरांच्या हौदापर्यंत पोचल्या. पाणचक्कीत आज जे पाणी उंचावरून कोसळताना प्रवासी पाहतात, तेही अशाच एका नहरीचं. घरांमधले हौद मात्र बहुतेक बुजले. एका वाड्यात बाईंना हौदाच्या तोंडाशी खापराचा नळ सापडला, चुन्यात पक्का बसवलेला. घरमालकाला तो मलनिःसारणाचा वाटत होता आणि त्याच समजुतीनं घरातल्यांनी पिढीभर त्यात मोरीचं पाणी सोडलं होतं.

माप घेण्याचं काम बाहेरून दिसतं तितकं साधं नाही. जुन्या घराला काटकोन नसतो. भिंत खाली रुंद आणि वर निमुळती, एका खोलीचे दोन कर्ण सहसा जुळत नाहीत आणि लेसरचं यंत्र चौकातल्या वाळत घातलेल्या साड्यांवर आपटून भलतंच अंतर सांगतं. त्यामुळे बाईंचा भरवसा कापडी टेपवर आणि टेपचं दुसरं टोक धरणाऱ्या विद्यार्थ्यावर. खण मोजायचे, खांबांची जाडी घ्यायची, कोनाड्यांची उंची लिहायची, भिंतीवर ठोकून पोकळ जागा हेरायची. त्या पोकळीत कधी बळद निघतं, कधी जिना. एका खोलीचं छत बाहेरून मोजलेल्या उंचीपेक्षा चांगलं दोन हात खाली निघालं, तेव्हा वर धान्याची चोरखोली असल्याचं घरच्यांनाही पहिल्यांदा कळलं.

औरंगपुऱ्याच्या बाजूच्या एका वाड्यात ओसरीवर बसलेल्या आजींनी त्यांना अडवलं होतं.

“मोजून काय करणार? पाडायचंय का?”

“नाही आजी. कागदावर उतरवून ठेवायचंय.”

“मग पाडायचंच आहे. मेल्या माणसाचा फोटो काढतात तसं.”

बाईंकडे उत्तर नव्हतं. विद्यार्थी हसायला लागला, आजी नाही हसल्या. पण थोड्या वेळानं त्यांनीच काठी टेकत देवघरामागची खोली दाखवली, तुळईवर कोरलेली वेलबुट्टी दाखवली, आणि सुतार कुठून आणला होता, त्याला जेवायला काय लागायचं, हे सासूकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. बाईंच्या वहीत खांबांची मापं आहेत तशी ही माहितीही आहे. पुढे नकाशा सुबक काढताना विद्यार्थी ती गाळतो. बाई ती परत लिहायला लावतात.

खरी कसोटी लागते कागदांपाशी. निजामी राजवटीत दप्तराची भाषा आधी फारसी आणि 1884 पासून उर्दू. घरगुती व्यवहार मोडीत. 17 सप्टेंबर 1948 नंतर कारभार हळूहळू मराठी-इंग्रजीकडे वळला, पण घरांची मूळ खरेदीखतं, सनदा, वाटणीपत्रं जुन्याच लिप्यांत राहिली. नातवाला यातलं अक्षरही लागत नाही. आपलं घर नेमकं कुठून कुठवर आहे हे ज्यावर लिहिलंय, तो कागद त्याच्या हातात असतो आणि नातू मात्र शेजाऱ्याशी भिंतीवरून कोर्टात भांडत असतो. म्हणून बाईंच्या मंडळींनी कागद वाचून दाखवण्याचा उपक्रम सुरू केला. एक निवृत्त उर्दू शिक्षक, एक मोडी जाणणारे गृहस्थ, सतरंजी आणि भिंग. व्याख्यानाला माणसं बोलवावी लागतात, इथं ती रांग लावतात. शिक्षकांची एकच अट: वाचून सांगेन, कोण खरं ते सांगणार नाही.

या बैठकांतून बाईंच्या लक्षात आलं, ते इतिहासाच्या पुस्तकांत नसतं. घर टिकतं की पडतं, हे त्याच्या नक्षीवर ठरत नाही, सातबारा-सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर ठरतं. त्यात भाडेकरूंची भर. मराठवाड्यात 1954 चा हैदराबाद घरभाडे नियंत्रण कायदा होता, त्याच्या जागी 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या भाडेकरूचं भाडं इतकं किरकोळ की त्यातून माळवदावर टाकायच्या मातीचाही खर्च निघत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, कारण घर खचलं तर भाडेकरू जाईल ही आशा. भाडेकरू करत नाही, कारण घर त्याचं नाही. मध्ये पावसाळा काम करतो. दोघांपैकी कुणाला खलनायक ठरवायचं हे बाईंना आजवर जमलेलं नाही. दोघांच्याही घरी त्यांनी चहा घेतलेला आहे.

कायदा वाचवायला येत नाही असं नाही. महापालिकेची वारसा समिती आहे, वारसास्थळांची यादी आहे. 2020 च्या एकात्मिक विकास नियमावलीत वारसा इमारतीच्या मालकाला न वापरलेल्या चटईक्षेत्राचा मोबदला टीडीआरच्या, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्काच्या, रूपात देण्याची सोयही आहे. पण यादी हा शब्द ऐकला की मालकाच्या पोटात गोळा येतो. यादीत नाव गेलं म्हणजे विकता येणार नाही, खिळाही ठोकता येणार नाही, अशी त्याची पक्की समजूत. ती पूर्ण खरी नाही, पण पूर्ण खोटी म्हणावी तर परवानग्यांचे खेटे कुणाला चुकलेत? यादीची कुणकुण लागताच रातोरात खांब उतरवले गेल्याचे किस्से जुन्या शहरात सर्रास ऐकायला मिळतात. सागवानाला बाजार आहे. कोरीव चौकट कुठल्या तरी हॉटेलच्या स्वागतकक्षात जाते आणि तिथं लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. म्हणजे इथंही पुन्हा दरवाजाच वाचला!

भीतीचा एक धागा मातीशी जोडलेला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-धाराशिवकडची दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि जवळपास आठ हजार माणसं गेली. जड माळवद आणि सैल दगडी भिंत ही जीवघेणी जोडी होती. त्यानंतर साऱ्या मराठवाड्यात ‘मातीचं घर’ म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठी उमटायला लागली. बाई या भीतीला अडाणीपणा म्हणत नाहीत. भिंतीत आरपार जाणारे बांधदगड आहेत का, लाकडी सांगाडा भिंतीपासून स्वतंत्रपणे भार पेलतोय का, वर्षानुवर्षं मातीवर माती पडून माळवद किती जड झालंय, हे तपासून त्या स्पष्ट सांगतात. काही घरं वाचवू नयेत, हेही त्या सांगतात. वारसावाल्यांत हे बोलणं फारसं लोकप्रिय नाही.

मग टिकलेली घरं कुठली? पैठणला संत एकनाथांचा वाडा टिकला. गावातलं नाथमंदिर म्हणून लोक ज्याला ओळखतात ते मुळात नाथांचं राहतं घर. आख्यायिकेतल्या श्रीखंड्यानं कावडीनं पाणी भरलेला रांजण तिथं दाखवतात आणि नाथषष्ठीच्या सुमारास तो आजही भरला जातो. घराचं देऊळ झालं, त्याला रोजचा वापर मिळाला, म्हणून ते राहिलं. संभाजीनगरातला सोनेरी महाल हे बुंदेला सरदार पहाडसिंगाचं बांधकाम. सरकारकडे आला, संग्रहालय झाला, राहिला. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाचा. पेशवाई गेल्यावर त्यात संस्कृत पाठशाळा भरली, पुढे कचेऱ्या आल्या, म्हणून तोही राहिला. देऊळ, संग्रहालय, कचेरी. यातलं काहीही न होता, नुसतं घर राहून टिकलेली घरं शोधायची तर बाई अहमदाबादच्या पोळांचं, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीवस्त्यांचं, उदाहरण देतात. तिथं 1997 पासून वारसा फेरी चालू आहे, 2017 मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तरीही पोळांमधली माणसं बाहेर जाताहेत, ही तिथल्या कार्यकर्त्यांचीही चिंता आहे. दर्जा मिळाला म्हणून कुणी अरुंद जिना चढायला परत येत नाही.

जिना, आणि संडास. बाईंच्या मते जुन्या घराचा सगळ्यात मोठा वैरी बिल्डर नव्हे, संडास आहे. तो चौकाच्या पलीकडे, सगळ्या घराला मिळून एक. रात्री म्हाताऱ्या माणसानं पावसात तिथवर जायचं. नवीन सून घरात येते ती आधी हे बघते, मग स्वयंपाकघरात खाली बसून करायचा स्वयंपाक बघते, मग भिंतीतला ओलावा. वर्षाच्या आत सिडकोत भाड्यानं फ्लॅट घेतला जातो. मोठा भाऊ गेला की धाकटा जातो. मागे राहतात आजी आणि कुलपं. वारशावर भाषणं करणाऱ्या पुरुषांना ही गोष्ट सांगितली की ते विषय मलिक अंबरकडे नेतात.

म्हणून फेऱ्या, व्याख्यानं, कागदवाचन हे सगळं ठेवून बाईंनी आणखी एक गोष्ट हाती घेतली. जुन्या घरात न्हाणीघर-संडास कुठं बसवायचा, त्याचा पाइप भिंत न फोडता कुठून काढायचा, ओल कशी रोखायची, ओट्याला खालून आधार कसा द्यायचा, याचे फुकट नकाशे. नियम साधा: ओली खोली मातीच्या भिंतीला टेकवायची नाही, चौकाच्या कडेला हलक्या चौकटीत स्वतंत्र उभी करायची, म्हणजे गळती झाली तरी घर भिजत नाही. सिमेंटचा गिलावा मातीच्या भिंतीवर चढवायचा नाही; आतली ओल आतच कोंडते आणि भिंत पोखरते. चुना वापरायचा, पण चुना मळणारा गवंडी मिळणं हीच मारामार. दरवाजांच्या दुरुस्तीवर काम केलेले एकदोन गवंडी बाईंनी गाठून ठेवलेत. सरकारी कामात शिकलेला हात घरगुती कामाला लागतो, हा त्या डागडुजीचा सगळ्यात मोठा फायदा, असं त्यांचं मत. नवे दिवे त्यांना भडक वाटतात, ते असो.

पहिलं न्हाणीघर आजींच्याच वाड्यात झालं. धाकट्या मुलाचा विरोध होता, जायचंच आहे तर खर्च कशाला, असं त्याचं म्हणणं. थोरल्या सुनेनं स्वतःच्या पगारातून पैसे दिले आणि फरशीचा रंगही स्वतःच निवडला. तो रंग कुठल्याही वारसा समितीनं मंजूर केला नसता. घर पुढच्या पिढीत विकलं जाणार नाही, याची हमी बाई देत नाहीत. वाटणीचा दावा चालूच आहे. पण थोरल्याचं बिऱ्हाड सिडकोतून परत आलं, माळवद यंदा मृगाआधी चोपलं गेलं आणि शेजारच्या वाड्यातल्या दोन जावांनी बाईंना निरोप धाडला आहे, की आमच्याकडे कधी येता. आणि टेपबरोबर नळाच्या फिटिंगचा कॅटलॉगही घेऊन या.